हातचा एक

शनिवारी दहाला वाचनालयाची मागची खोली मला मिळते.
तीन खुर्च्या, एक डगमगतं टेबल
आणि खिडकीतून दिसणारा सरोवराचा तुकडा,
तोही जलपर्णीने निम्मा खाल्लेला.
मी टेबलापलीकडे बसते, चष्मा नाकावर ओढते
आणि तासाभरासाठी
किसुमूतली सगळ्यात खडूस साहेबीण होते.

"बसा. आणि माफी मागू नका."
कारण बेरिल अवुओर
खुर्ची सरकवतानाही खुर्चीची माफी मागते.

वय एकोणीस. बहिणीचा ब्लाउज, खांद्याशी पिना.
अर्जात 'अनुभव' या शब्दापुढे
तिने इतकी सरळ रेघ मारलीय
की त्या रेघेसाठीच मी तिला ठेवून घेतलं असतं.

"शाळा सुटल्यापासून काय करतेस?"
"काही नाही, मॅडम. आईबरोबर बाजारात.
ओमेना विकते."
बोटाएवढी मासळी, वाळली की चांदीची होते,
डब्याने मापायची, वर रास ठेवून.
"डबा कितीला?"
"कोण घेतंय, त्यावर आहे."
आणि मग ती थांबेचना.
पहाटेचा भाव, ऊन चढल्यावरचा भाव,
होडीवाल्याचे किती, हमालाचे किती,
खानावळीच्या ओचोलाकडे साडेतीन डबे उधार
आणि तो पैसे देताना दर वेळी अर्धा विसरतो,
सरीत भिजलेली रास कोंबड्यांच्या खाद्याला द्यायची
तर तोटा कुठे थांबवायचा.
बोलताना तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालत होता,
हातचा धरत, हातचा सोडत.

अडतीस वर्षं मी खतावण्या लिहिल्या.
बेरीज चुकते ती आकड्यांत नाही,
हातचा धरायचा राहून जातो तिथे.
एक कुणीतरी धरून ठेवावा लागतो
पुढच्या घरात मिळवेपर्यंत.

"हे सगळं लिही."
"कुठे?"
"त्या रेघेवर."

मागे बसलेली लाव्हेंडर हसली. तिची पाळी पुढची.
तिला मी गेल्या खेपेला सांगितलं होतं :
पगार विचारला तर आकडा बोलायचा
आणि गप्प बसायचं.
आकडा सोपा असतो. गप्प बसणं
मला स्वतःला आजवर जमलेलं नाही.

मग मी तो प्रश्न विचारला,
जो माझ्या यादीत नव्हता.
"समजा, पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले,
जरा सगळ्यांना चहा कर. तर?"

एकोणीसशे त्र्याऐंशी. मच्छीमार सहकारी संघ.
मी उठले होते.
सहा वर्षं, दहाला आणि चारला, अकरा कप.
पदविकेचा कागद कपाटात,
साखरेचा हिशेब मात्र चोख.

बेरिलने विचार केला. पंखा कुरकुरत राहिला.
"करीन," ती म्हणाली. माझ्या पोटात खड्डा पडला.
"आणि विचारीन, मंगळवार कुणाचा?
म्हणजे लगेच लिहून ठेवता येईल.
भिंतीला लावता येईल."

माझ्याकडे गुणांचा एक तक्ता असतो.
त्यात ह्याला जागा नव्हती.
मी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घालताना उगीचच म्हणाले, माफ कर,
आणि दोघी पोरी एका सुरात ओरडल्या,
"माफी नाही!"

सोमवारी शीतगृहाच्या कंपनीत तिची मुलाखत.
मी घरी तांदूळ निवडत बसले,
तेच खडे दोनदा वेचले.
दुपारी फोन वाजला, निरोप होता :
'त्यांनी बेरीज दिली. कागद नको म्हटलं.
शुक्रवारी कळवतो म्हणाले.
पिन एक तुटली, पण बसलेली असताना.
चहाचं कुणी विचारलंच नाही, मॅडम.
मी तयार होते.'